टूलरूमचा पत्ता

पहिला अख्खा पावसाळा कानशीत गेला. पुणे-मुंबई रस्त्यावरच्या एका अवाढव्य मोटार कारखान्यात दहावीनंतर शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा गावात पेढे वाटले गेले आणि पोरगं आता गाड्या बनवतंय अशी हवा झाली. गाड्या जिथे बनत त्या शॉपचं दार आम्हाला दुसऱ्या वर्षापर्यंत दिसलं नाही. आमच्या वाट्याला होता ट्रेनिंग शॉपमधला लांबलचक बाक, त्यावरचा व्हाइस आणि व्हाइसमध्ये आवळलेला मऊ पोलादाचा ठोकळा. त्याचं एक तोंड सपाट करायचं. मग त्याला काटकोनात दुसरं. मग तिसरं.

सांगायला सोपं आहे. कानस पुढे जाताना हात झोपाळ्यासारखा नकळत वरखाली होतो. सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी मागच्या हाताचा, हे अंगात मुरेपर्यंत ठोकळ्याच्या कडा उतरतात आणि मधे पोट राहतं. आमचे इन्स्ट्रक्टर ठोकळा घेऊन खिडकीकडे वळायचे, त्यावर गुण्या टेकवायचे आणि एक डोळा मिटून फटीतून उजेड येतो का बघायचे. उजेड दिसला की ठोकळा परत. शेरा नाही, शिवी नाही. गुण्याखाली उजेड बंद झाला की मग निळीची परीक्षा. सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लूचा पातळ हात फिरवायचा आणि त्यावर ठोकळा घासायचा. ज्या जागी निळं लागेल तो उंचवटा, तेवढाच काढायचा. कानशीच्या दात्यांत कीस अडकून ओरखडे पडू नयेत म्हणून तिला खडू चोळायचा, दर थोड्या वेळाने तारेच्या ब्रशने साफ करायची. वर्षाच्या शेवटी एकात एक बसणारे दोन तुकडे करायचे होते, चुकीला मुभा ०.०४ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण याच्या दीडपट ते दुप्पट जाड असतो.

एवढा वेळ आणि एवढं पोलाद एका पोरावर कोणती कंपनी घालवेल, आणि का? उत्तर उदारपणात शोधायला जाऊ नये. गरज होती.

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६६मध्ये पिंपरी-चिंचवडच्या माळावर पाय रोवले, तेव्हा कंपनीची सूत्रं हाती असलेल्या सुमंत मुळगावकरांनी तिथे ट्रकची जोडणी आधी सुरू केली नाही. आधी मशीन टूल विभाग उभा राहिला आणि त्याच्या जोडीने प्रशिक्षण. पुण्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते १९७७मध्ये. अकरा वर्षं. यंत्रं बनवणारी यंत्रं, डाय, जिग, फिक्स्चर आपल्याच छपराखाली करायचं ठरलं की ते करणारे हातही आपल्याच छपराखाली घडवावे लागतात. कारण बाजारात तसे हात विकत मिळत नव्हते आणि परकीय चलनाच्या टंचाईत यंत्रं आयात करणंही सोपं नव्हतं. त्याच्याही आधी, १९१०मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर कुंडलच्या ओसाड माळावर कारखाना मांडून बसले, तेव्हा नांगर ओतायला लागणारी माणसं आसपासच्या खेड्यांतूनच उभी करावी लागली. स्वतः लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून आलेले, त्यामुळे शिकवणं हा कारखान्याच्या खर्चाचाच एक भाग आहे हे त्यांना कुणी समजवावं लागलं नाही. जमशेदपूरला टाटा स्टीलने १९२१मध्येच तांत्रिक संस्था काढली होती.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, आता चाकण, तळेगाव या पट्ट्यात अनेक वर्षं वावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. शिकाऊ मुलगा किती शिकेल हे कंपनीच्या नावावर ठरत नाही, स्टायपेंडवर ठरत नाही, त्याच्या मार्कांवर तर नाहीच. ती कंपनी स्वतःची यंत्रं आणि हत्यारं स्वतः बनवते की फक्त आलेले भाग जोडते, यावर ठरतं. बनवत असेल तर तिला शिकलेला माणूस लागतो. जोडत असेल तर तिला हात लागतात, आणि हात दरवर्षी नवे मिळतात.

*

कायद्याच्या नजरेला हा फरक दिसत नाही.

आपल्याकडे शिकाऊंसाठी पहिला कायदा झाला तो कंपनी सरकारच्या काळात, १८५०मध्ये. अनाथ आणि गरीब मुलांना एखाद्या कारागिराकडे जास्तीत जास्त सात वर्षं बांधून देण्याची त्यात सोय होती. स्वतंत्र भारताचा अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट १९६१चा. आधी फक्त फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशा ट्रेडच्या मुलांसाठी. १९७३च्या दुरुस्तीने पदवी-पदविकावाले इंजिनिअर आत आले. या कायद्याचं अठरावं कलम प्रत्येक शिकाऊला आयुष्यात एकदा तरी तोंडावर फेकून मारलं जातं. शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत, असं ते कलम सांगतं. भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, ही गोष्ट मात्र सोळाव्या कलमाने राखली आहे. आणि बाविसाव्या कलमानुसार, शिकून झाल्यावर नोकरी द्यायची की नाही याचं धोरण मालकानेच ठरवायचं.

कागदावर हे वावगं नाही. जो शिकतो आहे त्याला शिकू द्यावं, त्याच्याकडून उत्पादनाचा हिशेब मागू नये, हाच तर हेतू. आमच्या ट्रेनिंग शॉपमध्ये हे कलम खरं होतं. आम्ही बनवलेले ठोकळे कुठल्याही गाडीत जात नव्हते. वर्षाच्या शेवटी ते भंगाराच्या पेटीत पडत. पण शिकाऊ मुलगा पहिल्या आठवड्यापासून लाइनवर उभा असेल, त्याने आवळलेला बोल्ट तासाभरात गाडीबरोबर गेटबाहेर जात असेल, तर तो कामगार नाही म्हणजे नक्की काय? याचं उत्तर कायद्यात नाही, पगारपत्रकात आहे.

२०१४मध्ये कायदा सैल केला गेला. शिकाऊ न घेणाऱ्या मालकाला तुरुंगवासाची तरतूद होती, ती गेली आणि दंडाचे आकडे आले. २०१६ला केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजना आली. स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलणार. २०१९ला नियम बदलले. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला कंत्राटी धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं भाग झालं. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जी. आयटीआयच्या मुलाला किमान ७,००० रुपये, पदविकेला ८,०००, पदवीधराला ९,०००. हे आकडे किमान आहेत, बऱ्याच मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेने ते ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली.

मर्जीवर सोडलेले ते 'चार ते एकोणतीस' लक्षात असू द्या.

*

महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी. चाकण एमआयडीसीच्या कडेची ही गावं. शेताच्या बांधावर चार-चार मजली चाळी उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या जिन्याखाली कंपनीच्या सेफ्टी शूजचे ढीग. पोरं बीड, लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, यवतमाळची. एका खोलीत पाच-सहा जण, 'कॉट बेसिस'वर. फर्स्ट शिफ्टवाला उठला की त्याच्या कॉटवर थर्ड शिफ्टवाला आडवा होतो. खोली आणि डबा यांतच स्टायपेंडचा निम्म्याहून जास्त भाग जातो. घरी पैसे पाठवायचे ही कल्पनाच नसते. घरून येऊ नयेत एवढीच इच्छा. कंपनीत एक वेळचं जेवण नाममात्र पैशात मिळतं आणि कंपनीची बस असते, त्यावर महिना निघतो. रविवारी बस नसते आणि कॅन्टीनही नसतं, म्हणून सुटीचा दिवस सगळ्यात महाग पडतो, असं मला तिथल्या एका फिटर पोराने सांगितलं, आणि त्याच्या खोलीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या.

हा मुलगा परळी भागातला. सरकारी आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटर ट्रेड केलेला, हाताला चांगला. कानस कशी धरतोस, असं मी विचारलं तेव्हा त्याने टेबलावरचा डाव उचलून दोन्ही हातांनी बरोबर धरून दाखवला. कंपनीत गेल्यापासून कानस पाहिलेली नाही. त्याचं स्टेशन दाराच्या बिजागऱ्यांचं. गाडी समोर येते, चार बोल्ट हाताने दोन आटे लावून घ्यायचे, मग टॉर्क गनने आवळायचे. हिरवा दिवा लागला की बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या मार्करने रेघ मारायची. दिवा लाल लागला तर सैल करून पुन्हा. हे सगळं साधारण दीड मिनिटात. पुढची गाडी आलेलीच असते. गन स्वतःच मोजते, स्वतःच नोंद ठेवते, चुकला तर लाइन स्वतःच थांबवते. चूक होऊच नये अशी रचना आहे, पोका-योके म्हणतात तिला, आणि गाडी विकत घेणारा म्हणून मला ती हवीच आहे. पण ज्या कामात चुकायला जागा नाही, त्यात शिकायलाही फारशी जागा उरत नाही.

तो स्वतः तक्रार करत नव्हता. फाइव्ह एस, म्हणजे कामाच्या जागेची टापटीप, कळलं, शिस्त कळली, सेफ्टी कळली, चारशे माणसांत कसं वागायचं ते कळलं, असं म्हणाला. हे खरंच आहे आणि छोटंही नाही. आमच्या पिढीतले बरेच जण या गोष्टींना हसतात, मी हसत नाही. गावाकडून आलेल्या पोराला पहिल्यांदा वेळेचं मोल, मापाचं मोल आणि 'होईल की' न म्हणण्याची सवय मोठ्या कारखान्यातच लागते. आता मुलीही येऊ लागल्या आहेत. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात एक अख्खी जोडणीची लाइन स्त्रिया चालवतात. ज्या घरांतून मुलीला तालुक्याच्या गावी पाठवायला दहा वेळा विचार व्हायचा, तिथून पोरी शिफ्टला येतात. हा बदल कुठल्याही टूलरूमपेक्षा, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या विभागापेक्षा, मोठा मानणारे असतील, तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

मला खटकलं ते दुसरंच. शिकाऊने रोजच्या कामाची नोंद वहीत ठेवायची असते: काय काम केलं, कोणती हत्यारं वापरली, आकृती, आणि खाली सुपरवायझरची सही. वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट आणि मग राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. त्या खोलीत मी अशी एक वही चाळली. ड्रिलिंग, टॅपिंग, स्क्रेपिंग, बेअरिंग बसवणं. सुबक आकृत्या, आठवड्यागणिक सह्या. आणि सगळी पानं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली. बिजागरीचा बोल्ट त्यात कुठेच नाही, कारण अभ्यासक्रमात तो बसत नाही. जुन्या तुकडीची वही नव्या तुकडीकडे येते आणि तिच्यावरून पुढची उतरवली जाते. सुपरवायझरला दोष द्यावा तर त्याच्या डोक्यावर दिवसाच्या गाड्यांचा आकडा असतो; शिकाऊ किती शिकला याचा आकडा त्याच्याकडे कुणी मागत नाही.

जर्मनीत शिकाऊ किती शिकला हे तपासायला बाहेरचा माणूस असतो. तिथे मेकॅट्रॉनिक्सचा शिकाऊ साडेतीन वर्षं कंपनी आणि व्यवसायशाळा यांत विभागून शिकतो, आणि त्याची परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेतं. फोक्सवागेनने चाकणच्या आपल्या कारखान्यात त्याच धर्तीचा शिकाऊ कार्यक्रम आणला. म्हणजे इथल्या मातीत ते रुजतच नाही, ही सबब चालणार नाही. पण अशा तुकड्या लहान असतात, आणि लाइनवरच्या पोरांचा समुद्र त्यांच्याबाहेर पसरलेला.

*

मग वर्ष संपतं. शेवटच्या महिन्यात एकच विषय: 'घेणार का?'

सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं होतं की इतर सगळं समान असेल तर प्रशिक्षित शिकाऊला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा झुकतं माप द्यावं, वयातही सवलत द्यावी. प्राधान्य, हक्क नव्हे. या दोन्हींमधल्या फटीत किती मुलं उभी आहेत हे मुंबईने २० मार्च २०१८च्या सकाळी पाहिलं. रेल्वेत शिकून बाहेर पडलेले शेकडो शिकाऊ माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रुळांवर उतरले आणि ऐन गर्दीच्या वेळी मध्य रेल्वे काही तास ठप्प झाली. भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांचं म्हणणं, ही मर्यादा काढा आणि जे शिकले त्यांना घ्या. खोळंबलेले प्रवासी चिडले, ते स्वाभाविक होतं. पण रेल्वेचंच यंत्र उघडून जोडायला रेल्वेनेच शिकवलेला माणूस इतरत्र कुठे जाणार, हा प्रश्न त्या दिवशी पोलिसांच्या लाठीने मिटला नाही.

खाजगी कारखान्यात रुळावर उतरायची सोय नसते. तिथे शेवटच्या दिवशी ओळखपत्र, शूज आणि लॉकरची किल्ली जमा करायची. मग तोच मुलगा एखाद्या ठेकेदाराच्या नावावर शेजारच्या कंपनीत सात-आठ महिने, मग ब्रेक, मग तिसऱ्या कंपनीत. प्रत्येक ठिकाणी तो नवा, प्रत्येक ठिकाणी इंडक्शनचा तोच व्हिडिओ. वयाच्या पंचविशीत त्याच्याकडे पाच मोठ्या कंपन्यांची नावं असतात आणि हातात एकही काम नसतं, ज्याला तो स्वतःचं म्हणू शकेल.

आमच्या वेळीही सगळ्यांना घेतलं जात नव्हतं, हे सांगायला हवं. जुन्या दिवसांना सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. माझ्या तुकडीतले बरेच जण तीन वर्षांनी गेटबाहेर आले. पण ते बाहेर आले तेव्हा त्यांना लेथ येत होती, मिलिंग येत होतं, ग्राइंडिंग येत होतं, ड्रॉइंग वाचता येत होतं. त्यातल्या दोघा-तिघांनी भोसरीत गाळे घेतले. जुनी लेथ, एक ड्रिल मशीन, बँकेचं कर्ज, आणि पहिली ऑर्डर त्याच कंपनीची जिने नोकरी दिली नव्हती. पिंपरी-चिंचवडच्या छोट्या उद्योगांची वंशावळ काढायला बसलं, तर दर दुसऱ्या-तिसऱ्या गाळ्याचं मूळ कुठल्या तरी मोठ्या कारखान्याच्या ट्रेनिंग शॉपमध्ये सापडेल, असं माझा अनुभव सांगतो.

नव्वदनंतर मोठ्या कारखान्यांनी हिशेब नव्याने मांडले. फिक्स्चर, गेज, छोटे डाय घरात बनवण्यापेक्षा बाहेरून करून घेणं परवडू लागलं. टूलरूम आकसल्या, काही ठिकाणी नुसत्या दुरुस्तीपुरत्या राहिल्या. काम गेलं कुठे? याच गाळ्यांकडे. म्हणजे ज्या कामातून माणूस शिकतो ते काम मोठ्या फाटकातून बाहेर पडून भोसरीच्या जे ब्लॉक, एस ब्लॉकच्या गल्ल्यांत आलं. आणि शिकाऊ कुठे आहेत? मोठ्या फाटकाच्या आत, बिजागऱ्यांवर. कायदा त्यांना तिथेच पाठवतो, कारण सक्ती तीसपासून पुढे आहे. गाळ्यात माणसं बारा, पंधरा, अठरा.

भोसरीतल्या अशाच एका गाळ्याचा मालक माझ्या ओळखीचा आहे. स्वतः जुना शिकाऊ, टूल अँड डाय मेकर. दोन व्हीएमसी मशीन, एक वायरकट, एक जुनं सरफेस ग्राइंडर ज्याला तो कुणाला हात लावू देत नाही. सरकारी योजनेतून शिकाऊ का घेत नाहीस, म्हणून विचारलं.

"पोर्टलवर नोंदणी कर, करार टाक, महिन्याची हजेरी चढव, मग त्या दीड हजाराची वाट बघ. हे बघायला माझ्याकडे एचआर आहे का? मीच एचआर, मीच स्टोअर, मीच डिलिव्हरीचा टेम्पो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि खरं सांगू का? पोरंच येत नाहीत. मोठ्या कंपनीचा युनिफॉर्म घातला की गावाकडे फोटो टाकता येतो. इथे फोटोत काय, ऑइल?"

तरीही एक आला होता. आयटीआय फिटर, वर्षभर एका नामांकित कंपनीत लाइनवर काढून. ठेकेदाराकडे जायचं सोडून इथे आला, आधीपेक्षा थोड्याच जास्त पैशांवर. मालकाने त्याला पहिल्या दिवशी व्हीएमसीजवळ फिरकू दिलं नाही. कोपऱ्यातल्या बाकावर एक तुकडा आणि कानस दिली. पोरगं वैतागलं, हे आयटीआयमध्ये केलंय, म्हणालं. केलं असशील तर अर्ध्या तासात होईल, असं उत्तर मिळालं. झालं तिसऱ्या दिवशी.

मी गेलो तेव्हा त्याला सहा-सात महिने झाले होते. तो एका चेकिंग फिक्स्चरच्या लोकेटिंग पिना बसवत होता: पत्र्याचा दाबलेला भाग बरोबर आहे की नाही हे ज्यावर ठेवून तपासतात, तो सांगाडा. डायल गेजची सुई पाहत एकेक पिन हलक्या हाताने ठोकत होता, मग पुन्हा सुई. मी ड्रॉइंगवर नजर टाकली. खालच्या कोपऱ्यात ग्राहकाचं नाव होतं. वर्षभर ज्या कंपनीच्या लाइनवर तो उभा होता, तीच. भाग कुठला, विचारलं.

"दाराचं आतलं पॅनेल," तो म्हणाला. "बिजागऱ्यांची भोकं कधी कधी जुळायची नाहीत ना, सर, तेव्हा आम्ही बोल्ट दाबून लावायचो. का जुळत नाहीत ते तिथे कुणी सांगायचं नाही. इथे कळलं."

मालक पलीकडून ओरडला, की कळलंय तर पिनेचा रिपोर्ट जेवणाच्या आधी लिही, संध्याकाळी माल जायचाय.